पांढऱ्या बॉलचं वजन आणि दोन डावांची सूट

त्या टेबलावरचा पांढरा बॉल बाकीच्या बॉलांपेक्षा मोठा आहे हे माझ्या लक्षात आलं, तोवर माझे चाळीस डॉलर गेले होते.

ओहायोतल्या एका लहान गावातला बार. कामानिमित्त तीन महिने तिथे होतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी जाण्यासारखी दुसरी जागा नव्हती. कोपऱ्यात दिव्याखाली पूलचं टेबल. अमेरिकन बारमध्ये नंबर लावायची पद्धत सोपी आहे: आपली नाणी टेबलाच्या कडेवर नेऊन ठेवायची. जिंकणारा टेबलावर टिकतो, पुढचा नाणी घालून त्याच्याशी खेळतो. पैज असेल तर नोटा वरच्या दिव्याच्या शेडवर ठेवतात, म्हणजे दोघांच्या डोळ्यांसमोर राहतात. समोर साठीचे एक टोपीवाले गृहस्थ होते. पाच-पाच डॉलरचे पहिले दोन डाव मी जिंकलो. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वीसने खेळू या?"

पुढचं सांगायला नको. पण मी हरलो कसा, याचा हिशेब मात्र मांडण्यासारखा आहे, आणि त्याची सुरुवात त्या पांढऱ्या बॉलपासूनच होते.

नाण्यांवर चालणाऱ्या टेबलात पॉकेटमध्ये गेलेला रंगीत बॉल टेबलाच्या पोटात अडकून राहतो. पुढच्या डावाचे पैसे पडले की सगळे बॉल गडगडत खाली येतात. ज्या पांढऱ्या बॉलने बाकीचे बॉल मारायचे, तो मात्र चुकून पॉकेटमध्ये गेला तर लगेच परत मिळायला हवा, नाहीतर खेळच थांबेल. म्हणजे टेबलाला पांढरा बॉल ओळखता आला पाहिजे. यासाठी तीन युक्त्या वापरल्या गेल्या. तो जड करायचा, किंवा त्याच्या आत धातू घालून चुंबकाने बाजूला ओढायचा, किंवा सरळ आकाराने मोठा करायचा. तिसरी युक्ती म्हणजे चाळणीच. ज्या फटीतून रंगीत बॉल खाली पडतात, तिच्यावरून मोठा बॉल पुढे घरंगळत जातो.

साध्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर, या मोठ्याचा सुमारे ६०.३. तीन मिलिमीटर म्हणजे डोळ्यांना काहीच नाही. पण वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं, त्यामुळे पदार्थ तोच असेल तर मोठा बॉल साधारण १८ टक्के जड भरतो. दोन सारख्या वजनाचे बॉल समोरासमोर आदळले तर पहिला आपला सगळा वेग दुसऱ्याला देऊन जागच्या जागी थांबतो. मात्र धडकेच्या क्षणी तो गरगरत नसावा, नुसता सरकत असावा. पहिला १८ टक्के जड असेल तर धडकेनंतर त्याच्याकडे आठेक टक्के वेग उरतो आणि तो पुढे जात राहतो.

कॅरम खेळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. स्ट्रायकर पंधरा ग्रॅमचा, सोंगटी पाचेक ग्रॅमची. सरळ धडकेनंतरही स्ट्रायकरकडे जवळजवळ निम्मा वेग शिल्लक असतो, म्हणून तो सोंगटीमागोमाग पॉकेटमध्ये जाऊन आपला फाऊल करवतो. पूलचा पांढरा बॉल स्ट्रायकरसारखा वागत नाही हे मी पुण्यातल्या पार्लरमध्ये घाम गाळून शिकलो होतो. इथे तो पुन्हा थोडासा स्ट्रायकर झाला होता. मी थांबवायला जायचो आणि तो वीतभर पुढे सरकून नेमका दुसऱ्या बॉलमागे लपायचा.

क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, टिप (टोक) खालच्या बाजूला मारून, उलटी फिरकी देऊन त्याला मागे खेचावं, तर तेही अवघड. ती फिरकी आधी उरलेला पुढचा वेग मारण्यातच खर्च होते. शिवाय मोठ्या बॉलचा मध्यबिंदू दीड मिलिमीटर वर असल्याने तो रंगीत बॉलला कमरेच्या किंचित वर धडकतो, त्याला कापडात दाबतो आणि स्वतः जरासा उडतो. आणि बारमधल्या क्यूची टिप? हजारो हातांनी घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली. घसरू नये म्हणून लावायचा चॉक धरत नाही, मग फिरकी कुठून येणार?

टोपीवाल्यांनी एकदाही बॉल मागे खेचला नाही. आधी वाटलं, येत नसेल. मग लक्षात आलं, ते प्रत्येक फटका असा मारतात की पांढरा बॉल धडकेपर्यंत नीट गडगडायला लागलेला असतो. या गडगडण्याचं गणित जुनं आहे. गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस हे नाव आपल्याला वाऱ्यांच्या आणि वादळांच्या संदर्भात माहीत असतं. त्यांनी १८३५ साली बिलियर्डच्या गणितावर अख्खा ग्रंथ लिहिला होता. मधोमध फटका बसलेला बॉल सुरुवातीला कापडावर घसरतो, मग घर्षणाने त्याला फिरकी चढत चढत तो शुद्ध गडगडू लागतो. त्या क्षणी मूळ वेगाचा बरोबर ५/७ भाग शिल्लक असतो, कापड कसंही असो. कापड खरखरीत असेल तर ही अवस्था लवकर येते, गुळगुळीत असेल तर उशिरा, एवढाच फरक.

बारमधलं कापड जाड आणि लव असलेलं. फिरकी तिथे लवकर मरते आणि गडगडणं लवकर सुरू होतं. गडगडता बॉल दुसऱ्या बॉलला अर्धा-पाऊण झाकून धडकला तर आपल्या मूळ रेषेपासून साधारण ३० अंशांत वळतो. धडक थोडी जाड झाली काय नि पातळ झाली काय, हा कोन फारसा हलत नाही. खेळाडू पहिल्या दोन बोटांचा 'व्ही' करून तो टेबलावर धरतात. एक बोट पांढऱ्या बॉलच्या मूळ रेषेवर, दुसरं पांढरा जाईल तिकडे. मोठ्या बॉलसाठी बोटं जरा मिटायची. टोपीवाल्यांची बोटं आपोआप मिटत होती.

आता नेम. समजा पांढऱ्या आणि रंगीत बॉलांमध्ये एक मीटर अंतर आहे, आणि रंगीत बॉलपासून पॉकेटही एक मीटरवर. पॉकेटचं तोंड साडेअकरा सेंटिमीटर, बॉल पावणेसहाचा, म्हणजे दोन्ही बाजूंना पावणेतीन-तीन सेंटिमीटरची सवलत. अगदी ऐसपैस वाटतं. पण पांढऱ्या बॉलच्या दिशेतली चूक धडकेत मोठी होते, या अंतरावर सुमारे सोळापट. मागे हिशेब करत गेलं तर क्यूच्या दिशेत एक दशांश अंशाहून जास्त चूक चालत नाही. टेकवलेला हात आणि बॉल यांत वीतभर अंतर धरलं तर टिप अर्ध्या मिलिमीटरहून कमी हलली पाहिजे. बिअरचा दुसरा ग्लास एवढं सहज हलवतो.

हा नेम साधला तरी टेबल साथ देईलच असं नाही. पहिल्या डावाआधी टोपीवाल्यांनी हातानेच एक बॉल अगदी हळू सोडला होता, या टोकापासून त्या टोकाकडे. मला वाटलं, चाळा. टेबलाला मीटरमागे फक्त एक मिलिमीटर उतार असेल, तर वेगवान कापडावर शेवटचा एक मीटर हळूहळू गडगडत थांबणारा बॉल बाजूला सुमारे साडेतीन सेंटिमीटर वाहवतो. पॉकेटची सगळी सवलत संपली! जाड कापडावर तो लवकर थांबतो, म्हणून दोन-अडीच सेंटिमीटरवर भागतं. बारच्या लाकडी जमिनीवर एक मिलिमीटर म्हणजे तर काहीच नाही. उपाय एकच, उतार ठाऊक असणं, किंवा जोरात मारणं. मी पहिला डाव जिंकलो तो केवळ जोरात मारत होतो म्हणून.

शिवाय बॉल मळलेले. दोन स्वच्छ बॉलांमधलं घर्षण फार कमी असतं, पण चॉकचे डाग, हाताचा घाम, सांडलेलं काहीबाही चिकटलं की ते वाढतं, आणि तिरक्या धडकेत पांढरा बॉल रंगीत बॉलला आपल्या दिशेने ओढून नेतो. हळू फटक्यात ही ओढ जास्त. काही अंशांचा फरक पडतो, म्हणजे लांबच्या पॉकेटवर नेम जागेवर असूनही बॉल कडेला आपटतो. अशा टेबलावर आपण "नशीब" म्हणतो त्यातलं बरंच काही साबणाच्या पाण्याने धुऊन निघेल.

एवढं कळल्यावर पुढच्या शुक्रवारी मी शहाणा होऊन गेलो. बॉल हातात घेऊन पाहिला, टेबलावर एक हळूच सोडून उतार बघितला. टोपीवाले हसले. म्हणाले, "आज सात डावांची रेस खेळू. तुला वायरवर दोन देतो."

सात डावांची रेस म्हणजे जो आधी सात डाव जिंकेल त्याचे पैसे. वायरवर दोन म्हणजे माझी सुरुवात शून्याऐवजी दोनपासून. जुन्या पूल हॉलमध्ये टेबलावर तार ताणून तिच्यात मणी ओवलेले असायचे, गुण मोजायला. तार गेली, शब्द उरला. पूल हे नावही पाण्याच्या तलावावरून आलेलं नाही. सगळ्यांनी एकत्र टाकलेले पैसे म्हणजे पूल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांवर पैसे लावायच्या जागांना पूलरूम म्हणत, आणि शर्यतींच्या मधल्या वेळासाठी तिथे बिलियर्डची टेबलं ठेवलेली असत. जबलपूरच्या छावणीत १८७५ साली नेव्हिल चेंबरलेन यांनी जे स्नूकर जुळवलं, तेही इंग्रज अधिकाऱ्यांच्या पैशांनी खेळायच्या पूलमध्ये आणखी रंगीत बॉल टाकूनच. पैसा या खेळात नंतर शिरलेला नाही.

दोन डावांची सूट म्हणजे औदार्य वाटलं, पण त्या रात्री मी ती घेतली नाही, "बघू" म्हणून बिअर संपवली आणि खोलीवर येऊन कागद घेतला. समजा ते माझ्यापेक्षा इतपत सरस आहेत की दहा डावांत सहा ते जिंकतील. एकच डाव असेल तर त्यांची शक्यता ६० टक्के. तीन डावांची रेस असेल तर ६८. सातची असेल तर ७७. एकवीसची असेल तर ९०. थोडासा वरचढपणा लांबीने मोठा होत जातो. म्हणून कच्च्या खेळाडूने एकच डाव मागावा आणि पक्क्याने "अरे, नीट खेळू, सातपर्यंत" म्हणावं, हे ओघानेच आलं.

आता सूट. सातच्या रेसमध्ये मला दोन डाव मिळाले तर त्यांना सात हवेत, मला पाच. त्यांची शक्यता ५३ टक्क्यांवर येते. म्हणजे सामना जवळजवळ बरोबरीचा, पण अजून त्यांच्याच बाजूला झुकलेला. तीन डाव मिळाले तर? एकदम ३८. दोन आणि तीन यांच्यामध्ये पारडं फिरतं. खरा खेळ क्यू हातात घेण्याआधी, या एका डावावर चाललेला असतो.

पण हे सगळं त्या "दहात सहा" वर उभं आहे, आणि तो आकडा मला कसा कळणार? पन्नास टक्केवाला आणि साठ टक्केवाला यांतला फरक बऱ्यापैकी खात्रीने ओळखायला शंभरेक डाव बघावे लागतात. मी चार पाहिले होते. त्यांतले पहिले दोन त्यांनी खरंच खेळले की मला खेळवलं, कोण जाणे. इथेच हसलरचा, म्हणजे कसब लपवून पैजेवर खेळणाऱ्याचा, धंदा आहे. तो आपलं कौशल्य विकत नाही, कौशल्याचा अंदाज विकतो. म्हणून लपून राहणं त्याला नेमापेक्षाही महत्त्वाचं. फिलिपिन्सचे पूल खेळाडू एफ्रेन रेयेस १९८५ मध्ये अमेरिकेत आले तेव्हा त्यांची कीर्ती त्यांच्याआधी पोचू लागली होती, म्हणून ते 'सीझर मोरालेस' या नावाने खेळले आणि ह्यूस्टनची स्पर्धा जिंकून गेले. पुढे १९९९ मध्ये कार्डिफला ते नाइन-बॉल या पूलच्या प्रकारात जगज्जेते झाले, आणि खोट्या नावाचा उपयोग कायमचा संपला. इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटी या आडगावी तर १९६१ पासून दहा-बारा वर्षं देशभरचे हसलर दरसाल जमायचे. दिवसा स्पर्धा, रात्री खरे पैसे. एकमेकांचा अंदाज घ्यायला यापेक्षा चांगली जागा नसेल.

बरोबरीचे दोघं भेटले तर लांबीही कामाला येत नाही. १९९६ मध्ये हाँगकाँगला रेयेस आणि अमेरिकन खेळाडू अर्ल स्ट्रिकलंड यांच्यात एक लाख डॉलरसाठी तब्बल १२० डावांची रेस झाली. तीन दिवसांनी रेयेस जिंकले, १२०-११७. २३७ डावांच्या नाणेफेकीत पंधराएक डावांचा फरक सहज पडू शकतो. इथे तीनचा पडला.

कागदावर मी आणखी एक गणित केलं, ते जरा झोंबलं. प्रत्येक डावात माझी शक्यता ४५ टक्के, माझ्या खिशात वीसच्या दहा नोटा, त्यांच्याही दहा, आणि एकाचा खिसा रिकामा होईपर्यंत खेळायचं. मी सगळ्या वीस नोटा घेऊन उठण्याची शक्यता किती? चाळीसच्या आसपास असेल असं मन सांगतं. उत्तर येतं १२ टक्के. "गेलेले वसूल करतो" म्हणत रात्रभर बसणारा माणूस मूर्ख नसतो. त्याला फक्त या १२ चा पत्ता नसतो.

तिसऱ्या शुक्रवारी नाणी कडेवर ठेवली. टोपीवाले क्यूला चॉक लावत होते.

"सातची रेस," मी म्हणालो. "पण वायरवर तीन."

त्यांचा चॉकचा हात थांबला. माझ्याकडे बघत क्षणभर गप्प राहिले. मग दिव्याच्या शेडवरची नोट उचलून खिशात घातली, बारवाल्याला दोन बोटं दाखवली आणि म्हणाले, "बस. तू काम काय करतोस?"