कलादालनाआधीचे नाशिक : नवे चित्रकार सापडण्यामागची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये आज एखाद्याला नवा चित्रकार आवडतो, तेव्हा तो बहुधा मोबाइलच्या पडद्यावर भेटलेला असतो. मूळ चित्रासमोर उभे राहण्याचा योग कुसुमाग्रज स्मारकात किंवा अन्यत्र त्याचे प्रदर्शन लागल्यावर, म्हणजे बऱ्याच उशिरा येतो. हा क्रम नवा वाटत असला तरी आधी छापील प्रत आणि नंतर मूळ चित्र ही या शहराची जुनीच रीत आहे. मुंबईकरांना १९५२ पासून जहांगीर आर्ट गॅलरी होती. नाशिककरांच्या घरात मात्र चित्र शिरले ते देवघरातली तसबीर, टपालाचे तिकीट, दिवाळी अंक किंवा लुगड्याचा पदर अशा कुठल्या ना कुठल्या वापरातल्या वस्तूच्या सोबतीने, आणि त्या चित्रामागचा माणूस कधी नावानिशी कळला, कधी कळलाच नाही.

नाव कळण्याची सुरुवात शिळाछापापासून झाली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथल्या लक्ष्मी-सरस्वती गावोगावच्या भिंतींवर लागल्या. एकेका रंगासाठी वेगळा दगड, कागदावर एकावर एक बसणारे ठसे आणि खाली चित्रकाराचे नाव, अशी ती प्रत असे. या कामाशी नाशिकचा थेट धागा जुळतो तो दादासाहेब फाळके यांच्यामुळे. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी १८८५ मध्ये सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला, मग बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले आणि पुढे रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी छपाईचे ठसे तयार केले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपले बिऱ्हाड आणि चित्रपटनिर्मिती नाशिकला हलवली. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, पण तिथे जाणाऱ्याला ते चित्रपटाआधी चित्रकलेचे आणि छपाईचे कारागीर होते याची आठवण क्वचितच राहते.

दुसरा धागा नाशिकरोडचा, आणि माझ्या मते तो सर्वांत दुर्लक्षित आहे. भारताची टपाल तिकिटे पूर्वी लंडनच्या दे ला रू कंपनीकडून छापून येत असत. १९२५ मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि ते काम इथे आले. नव्या दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त १९३१ मध्ये निघालेली सहा चित्रमय तिकिटे इथलीच. स्वातंत्र्यानंतर १५ ऑगस्ट १९४९ रोजी सोळा तिकिटांची पुरातत्त्व मालिका निघाली. तीन पैंच्या तिकिटावर अजिंठ्याचा हत्ती, सहा पैंवर कोणार्कचा घोडा, पुढे घारापुरीची त्रिमूर्ती, सांचीचा स्तूप, विजापूरचा गोलघुमट, असा हा संग्रह थेट पंधरा रुपयांच्या शत्रुंजय मंदिरापर्यंत जातो. भिंगाखाली धरले की हत्तीची सोंड बारीक रेघांत आणि ठिपक्यांत विरघळते, आणि नखाएवढ्या जागेत दगडी शिल्पाचा उठाव कसा आणला असेल हे थोडेफार उमगते. शाळकरी पोरांनी पाकिटावरून पाण्यात भिजवून सोडवलेली आणि वहीत चिकटवलेली ही तिकिटे म्हणजे अनेक घरांतला आरेखनाचा पहिला उत्तम नमुना होता; फक्त तो कुणी काढला हे तिकिटावर कुठेच नसे. (छापखान्यापासून काही मैलांवर सातवाहन राजांच्या शिलालेखांसह उभ्या असलेल्या पांडवलेण्यांना त्या सोळांत जागा मिळाली नाही, ही रुखरुख नाशिककराने बाळगली तर गैर नाही.)

याच्या अगदी उलट दिवाळी अंकांचे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, पण मुखपृष्ठ पाहून अंक उचलण्याची सवय लावली ती चित्रकार दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी. ‘दलाल’ ही सही ज्याला ओळखता येत नाही असा त्या पिढीतला वाचक सापडणे कठीण. १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांतून हे अंक हातोहाती फिरत आणि अंक परत करण्यापूर्वी घरातले कुणीतरी मुखपृष्ठ पाटीवर किंवा वहीत उतरवून घेई. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांनी त्या हाताला शिस्त दिली. संकल्पचित्र, स्थिरचित्र, स्मरणचित्र हे शब्द मराठी घरांत रुळले ते या परीक्षांमुळेच.

या पार्श्वभूमीवर नाशिकमध्ये जलरंगाची परंपरा का रुजली हे समजणे सोपे जाते. कागद, पाण्याचे भांडे आणि रंगांची पेटी घेऊन पहाटे गोदाघाटावर बसता येते, त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. शिवाजी तुपे यांनी घाट, वाडे आणि आसपासची गावे वर्षानुवर्षे प्रत्यक्ष जागेवर बसून रंगवली. पुढच्या पिढीत राजेश आणि प्रफुल्ल सावंत या बंधूंनी नाशिकचे जलरंग देशाबाहेर नेले. जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत, कागद कोरा सोडतात. नारोशंकराच्या मंदिराच्या शिखरावर पडलेले कोवळे ऊन ज्याने असे राखून ठेवलेले पाहिले आहे, त्याला मोबाइलवरच्या प्रतीत काय हरवते ते वेगळे सांगावे लागत नाही.

जिल्ह्याच्या दोन टोकांना मात्र नावाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पश्चिमेला पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यात, डहाणू-जव्हारप्रमाणेच, वारली लग्नाचा चौक, म्हणजे लग्नप्रसंगीचे चौकोनी भित्तिचित्र, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिला जाई, आणि तो सुवासिनींनी लिहायचा असल्याने त्यावर सहीचा विचारही नसे. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही वारली कला कागदावर उतरली, गंजाडचे जिव्या सोमा मशे हे नाव जगाला कळले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा कलाविश्वाने ‘शोधलेली’ ही कला पाड्यावरच्या बायकांना कधीच हरवलेली नव्हती. पूर्वेला येवल्यात पैठणीचा पदर आजही मागावर बसून एकेका रंगाच्या धाग्याने भरला जातो; मोर, आसावली, अजिंठ्याचे कमळ अशी त्यावरच्या नक्षीची नावे विणकर तोंडपाठ सांगतात. पैठणीला २०१० मध्ये आणि वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु त्याने जपले जाते ते कलेचे आणि तिच्या मुलखाचे नाव. येवल्यातला दुकानदार खरी पैठणी दाखवताना पदर उलटा करतो, दोन्ही बाजूंनी मोर सारखाच दिसतो, कुठे धागा लोंबत नाही. पदर परत सुलटा करून तो किंमत सांगतो, आणि तो मोर कोणी विणला हे गिऱ्हाईकाने विचारले तरच आतल्या खोलीत हाक मारली जाते.