प्लेग लसीसाठी जिवाणू-संवर्धन (हाफकिन पद्धत)

मृत जिवाणूंची लस बनवायची तर आधी तोच जिवाणू शुद्ध रूपात आणि भरपूर वाढवावा लागतो. प्लेगच्या जिवाणूसाठी ही पद्धत जिवाणूशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत बसवली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. हाफकिन ऑक्टोबरात आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी प्रयोगशाळा थाटली.

संवर्धनासाठी मांसरस लागे. गाय किंवा डुकराचे मांस वापरले तर लोक लस घेणार नाहीत, हे ओळखून त्यांनी बोकडाचे मांस घेतले. निर्जंतुक केलेल्या रसावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले जात. हा जिवाणू त्या थेंबांच्या बुडाला धरून वाढतो आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या सुळक्यांसारखा रसात खाली उतरत जातो. चंबू हलवला की सुळके तुटून तळाशी बसतात आणि थेंबांखाली नवी वाढ सुरू होते. असे पाच-सहा आठवडे चाले. यामुळे उत्पादन वाढेच, शिवाय शुद्धतेची पारखही होई: सुळके नीट लोंबले नाहीत, तर दुसरा जंतू शिरल्याची शंका घेतली जाई. या पद्धतीतली खरी हुशारी इथेच आहे.

पुढे द्रव सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवून जिवाणू मारत आणि टिकाऊपणासाठी कार्बोलिक आम्ल हे जंतुनाशक घालत. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. १९२५ पासून ती हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाते.

लस बनवताना एक बाटली दूषित झाली तरी काय ओढवते, हे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी दिसले. एकाच बाटलीतून लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. प्लेगचे जिवाणू मारणाऱ्या तापमानाला धनुर्वाताचे बीजाणू (त्या जंतूंची टणक, सुप्त रूपे) तग धरतात, त्यामुळे दोष प्रयोगशाळेवर ढकलणे सोपे गेले. त्यातच त्या वेळच्या नव्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल वगळलेले होते. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. मात्र बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब चौकशीत नोंदली गेली होती. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू लावून धरली आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले.