नावातला ‘ज्युनियर’ आणि न विकता येणारी जमीन

ज्युनियर कॉलेज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अकरावी-बारावी येते. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं अधिकृत नाव ‘लेलंड स्टॅनफर्ड ज्युनियर युनिव्हर्सिटी’ आहे हे पहिल्यांदा कळतं तेव्हा गंमत वाटते. हा ज्युनियर एक मुलगा होता. टायफॉइडनं 13 मार्च 1884 रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये तो गेला, तेव्हा सोळावा वाढदिवस दोन महिन्यांवर होता. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर झालेलं एकुलतं एक पोर.

या मुलाच्या आईवडिलांबद्दल एक गोष्ट व्हॉट्सॲपवर अधूनमधून येत असते. साध्या कपड्यांतलं एक जोडपं हार्वर्डच्या अध्यक्षांना भेटायला जातं, अध्यक्ष त्यांना तुच्छतेनं वाटेला लावतात, आणि मग ते जोडपं स्वतःचंच विद्यापीठ काढतं. गोष्ट छान आहे, पण खोटी आहे. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट त्यांना नीट भेटले आणि विद्यापीठाला खर्च किती येतो तेही त्यांनी सांगितलं: इमारती सोडून किमान पन्नास लाख डॉलर. समोर बसलेला माणूस कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर आणि रेल्वे कंपनीचा अध्यक्ष होता. पन्नास लाखांनी घाम फुटावा अशी त्याची परिस्थिती नव्हती. ती तशी का नव्हती, तेच पाहण्यासारखं आहे.

लेलंड स्टॅनफर्ड मूळचा न्यूयॉर्क राज्यातला वकील. विस्कॉन्सिनमध्ये त्याचं कार्यालय आगीत जळालं आणि 1852 मध्ये तो भावांच्या मागोमाग कॅलिफोर्नियाला गेला. सोनं खणायला नव्हे, खणणाऱ्यांना किराणा विकायला. 1861 मध्ये सॅक्रामेंटोच्या चार व्यापाऱ्यांनी मिळून सेंट्रल पॅसिफिक रेल्वे कंपनी उभी केली. स्टॅनफर्ड किराणावाला, हंटिंग्टन आणि हॉपकिन्स यांचं हार्डवेअरचं दुकान, क्रॉकर कापडवाला. रूळ टाकण्याचा अनुभव चौघांनाही नव्हता. आखणी थिओडोर ज्युडा या इंजिनिअरची होती, पैसा मात्र बव्हंशी सरकारचा.

1862 च्या कायद्यानं प्रत्येक मैलामागे सरकारी रोखे कर्जाऊ मिळत: सपाटीवर 16 हजार डॉलरचे, डोंगरात 48 हजारांचे. शिवाय रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन फुकट. मग डोंगर सुरू कुठे होतो? सॅक्रामेंटोपासून अवघ्या सात मैलांवर, असा निर्वाळा राज्याच्या भूगर्भतज्ज्ञानं दिला. तिथली जमीन तळहातासारखी सपाट होती आणि सिएरा नेवाडाचा खरा चढ बराच पुढे होता. या काळात राज्याचा गव्हर्नर कोण होता? स्टॅनफर्डच. गव्हर्नरपद आणि कंपनीचं अध्यक्षपद त्यानं एकाच वेळी भूषवलं, आणि त्यात त्याला काही वावगं वाटल्याचं दिसत नाही.

1862 च्या जानेवारीत गव्हर्नरपदाची शपथ घेताना त्यानं चिनी लोकांना हलक्या प्रतीची जमात ठरवलं होतं आणि त्यांना राज्यात वसू देऊ नये असं सांगितलं होतं. तीनच वर्षांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना लिहिलेल्या पत्रात तोच माणूस चिनी मजुरांना शांत, कष्टाळू आणि काटकसरी म्हणतो. त्यांच्याशिवाय हा मार्ग वेळेत पुरा होणं अशक्य आहे, अशी कबुलीही देतो. मतपरिवर्तन वगैरे नाही, गोरे मजूर मिळत नव्हते. काम ऐन भरात असताना दहातले नऊ मजूर चिनी होते, आणि एकूण दहा हजारांहून अधिक चिनी या मार्गावर राबले. डोनर खिंडीजवळचा मुख्य बोगदा 1,659 फूट लांबीचा, तोही ग्रॅनाइटमधून. छिन्नी-हातोडा, सुरुंगाची दारू आणि शेवटी नायट्रोग्लिसरीनसारखं जहाल स्फोटक. हिवाळ्यात हिमकडे कोसळून माणसं गाडली जात आणि काही प्रेतं बर्फ वितळल्यावरच हाती लागत. गोऱ्या मजुराला पगारावर जेवण मिळे, चिनी मजुरानं स्वतःच्या पगारातून शिजवून खायचं. जून 1867 मध्ये हजारोंनी संप केला, तेव्हा क्रॉकरनं त्यांची रसद तोडली. आठवडाभरात संप मोडला.

10 मे 1869 रोजी युटामधल्या प्रॉमोंटरी इथे पूर्व-पश्चिमेचे रूळ जुळले. सोन्याचा खिळा ठोकण्याचा मान स्टॅनफर्डचा. पहिला घाव चुकला म्हणतात. तो खिळा आज स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. बोगदे खोदणाऱ्यांपैकी एकाही चिनी मजुराचं पत्र किंवा रोजनिशी मात्र अजून सापडलेली नाही. ती शोधायचा प्रकल्प याच विद्यापीठात निघाला, तोही 2012 साली. पगारपत्रकांवर बहुतेक ठिकाणी मुकादमाचंच नाव आहे.

मुलगा गेला तो अशा पैशाच्या राशीवर आईवडिलांना एकटं टाकून. यापुढे कॅलिफोर्नियाची मुलं हीच आपली मुलं, असं त्यांनी ठरवलं. नोव्हेंबर 1885 मध्ये देणगीपत्र झालं आणि पालो आल्टोचं घोड्यांचं फार्म विद्यापीठाला मिळालं. आजही तिथले विद्यार्थी कॅम्पसला ‘फार्म’च म्हणतात. 1 ऑक्टोबर 1891 ला वर्ग भरले. मुलामुलींना एकत्र प्रवेश होता आणि फी नव्हती. पहिल्या तुकडीतला हर्बर्ट हूव्हर पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

आणि दीड-पावणेदोन वर्षांत सगळं कोसळायची वेळ आली. जून 1893 मध्ये स्टॅनफर्ड वारला, त्याच वर्षी देशात मंदी आली आणि संपत्ती वारसाहक्काच्या कोर्टात अडकली. त्यावर केंद्र सरकारनं दीड कोटी डॉलरचा दावा ठोकला. जुन्या सरकारी रोख्यांची परतफेड जवळ येत होती, आणि कंपनीच्या कर्जात भागधारकाचा वाटा त्याच्या इस्टेटीतून वसूल व्हावा अशी मागणी होती. जनतेच्या पैशातून निघालेली रेल्वे, रेल्वेतून निघालेलं विद्यापीठ आणि आता जनतेच्याच नावानं आलेली जप्तीची टांगती तलवार. हिशेब म्हणून पाहिलं तर सरकारचं फारसं चुकत होतं असं मला वाटत नाही.

इथे त्याची बायको जेन स्टॅनफर्ड उभी राहिली. घरखर्चासाठी कोर्टानं तिला महिना दहा हजार डॉलर मंजूर केले होते. प्राध्यापकांना तिचे घरगुती नोकर मानावं, अशी वाट न्यायाधीशानंच काढून दिली. म्हणजे काही काळ भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आणि घरचा आचारी कागदोपत्री एकाच रांगेत होते. 1897 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवात मोठी गिऱ्हाइकं मिळतील म्हणून ती दागिने घेऊन लंडनला गेली, पण मनासारखी किंमत आली नाही. तोवर मूळ संकट टळलं होतं. मार्च 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, या कायद्यांखाली भागधारकावर व्यक्तिशः जबाबदारी येत नाही, असा निकाल दिला होता. कंपनीनं सरकारचं देणं हप्त्याहप्त्यानं फेडलं, शेवटचा हप्ता 1909 मध्ये.

जेनची मर्जी हाच कायदा, हेही तितकंच खरं. मुली फार झाल्या तर विद्यापीठ मुलाचं स्मारक राहणार नाही, म्हणून 1899 मध्ये तिनं मुलींची संख्या पाचशेवर रोखली. एडवर्ड रॉस या प्राध्यापकाला 1900 मध्ये तिच्या आग्रहावरून जावं लागलं. आशियाई मजुरांना येऊ देऊ नका, असं तो जाहीर सभेत बोलला होता. 1862 साली गव्हर्नर स्टॅनफर्ड नेमकं हेच म्हणाला होता. रॉस प्रकरणात राजीनामा देणाऱ्यांतल्या एकानं पुढे 1915 मध्ये प्राध्यापकांची राष्ट्रीय संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. जेन 1905 मध्ये होनोलुलूच्या हॉटेलात वारली. तिथल्या चौकशीत स्ट्रिकनीनचं विष निष्पन्न झालं, विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हृदयविकार सांगितला. आरोपी कधीच ठरला नाही.

देणगीपत्रातली एक अट मात्र सगळ्यांना पुरून उरली: फार्मची आठ हजारांहून अधिक एकर जमीन कधीच विकायची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठाकडे जमीन मुबलक आणि रोकड कमी, अशी अवस्था झाली. विकता येत नाही तर भाड्यानं द्यावी, म्हणून 1951 मध्ये औद्योगिक वसाहत सुरू झाली. फ्रेडरिक टर्मन या इंजिनिअरिंगच्या डीननं तिथे इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्या ओढून आणल्या. आधी व्हेरियन, मग त्याच्याच विद्यार्थ्यांची ह्यूलेट-पॅकार्ड. सिलिकॉन व्हॅलीची एक कोनशिला याच भाडेपट्ट्यांत आहे. प्राध्यापकही त्यातून सुटलेले नाहीत. कॅम्पसवर त्यांना घर विकत घेता येतं, घराखालची जमीन मात्र विद्यापीठाकडून भाडेपट्ट्यानंच घ्यावी लागते.