फारम भरण्याआधी कोण, भरल्यावर कोण?

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अभ्यासिका चालते. पोलीस भरतीची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटर धावतात आणि घाम पुसत तिथंच पुस्तकं उघडतात. मागच्या आठवड्यात त्यातली एक मुलगी पुस्तकांची मदत मागणारं पत्र इंग्रजीत लिहीत होती. ‘आमच्या अभ्यासिकेत २२ कॅन्डिडेट अभ्यास करतात’, असं तिचं पहिलं वाक्य होतं. शेजारचा पोरगा डोकावून म्हणाला, “अजून फारमच नाही भरला, तं आपण कॅन्डिडेट कायचे?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. “मंग काय लिहू सर? ॲस्पिरंट का ॲप्लिकंट? डिक्शनरीत तं तिन्हीले ‘उमेदवार’च देल्लं हाये.”

तिची अडचण खरी आहे, आणि भाषाविज्ञानातला एक जुना प्रश्न तिच्यात दडलेला आहे. एकाच अर्थाचे दोन शब्द भाषेत फार काळ एका जागी नांदत नाहीत. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं १८९७ साली हा नियम मांडला: समानार्थी शब्द हळूहळू आपापली वाटणी करून घेतात. आमच्याकडचंच बघा. शेतकरी आणि कास्तकार दोघेही तेच काम करतात. पण पारावर बोलताना तोंडात कास्तकार येतो, कागदावर शेतकरी.

उमेदवारीच्या शब्दांतली वाटणी तर निवडणुकीत उघड दिसते. तिकिटासाठी धडपडतो तो इच्छुक. तिकीट मिळून फारम भरला की उमेदवार. इच्छुकांची गर्दी होते, उमेदवारांची यादी लागते. इंग्रजीतही रस्ता जवळपास असाच आहे. तयारी करतो तो ॲस्पिरंट, अर्ज पाठवला की ॲप्लिकंट, निवडीच्या प्रक्रियेत घेतला गेला की कॅन्डिडेट. म्हणूनच हॉलतिकिटावर ‘कॅन्डिडेटचे नाव’ असं छापलेलं असतं.

मला सगळ्यात आवडते ती या शब्दांच्या शेपटांची गोष्ट. ॲस्पिरंटमधला शेवटचा ‘अंट’ लॅटिनमधून आला. काम चालू आहे, असं तो सांगतो. आपल्या जिवंत आणि ज्वलंत या शब्दांतला ‘अंत’ त्याचाच भाऊबंद आहे, कारण लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. जिवंत म्हणजे जगत असलेला, तसा ॲस्पिरंट म्हणजे आस धरत असलेला. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ तर ‘कशाच्या तरी दिशेनं श्वास सोडणे’ असा आहे. पहाटे रस्त्यावर धापा टाकणाऱ्या पोरांना यापेक्षा नेमका शब्द मला सुचत नाही.

कॅन्डिडेटचं शेपूट वेगळं. त्यातला ‘ट’ संस्कृतातल्या कृत, नियुक्त या शब्दांमधल्या ‘त’च्या नात्यातला; काहीतरी होऊन गेलंय, असं सांगणारा. प्राचीन रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस खडूनं पांढराशुभ्र केलेला झगा घालून लोकांत फिरायचा. कॅन्डिडेट म्हणजे ‘पांढरं नेसलेला’. झगा घातला की तो उभा राहिल्याचं सगळ्यांना कळायचं. आपला उमेदवार मात्र फारसीतल्या उमेद या शब्दावर, म्हणजे आशेवर उभा आहे. म्हणूनच पूर्वी एखाद्याच्या हाताखाली बिनपगारी काम शिकण्यालाही उमेदवारी म्हणत.

‘मग अप्लाय करतो तो अप्लायर का नाही?’ असंही मुलं विचारतात. याचं उत्तर मराठीतच आहे. चोरी करणाऱ्याला आपण चोरणारा म्हणत बसत नाही, कारण चोर हा शब्द आधीच जागा धरून बसलेला आहे. मार्क अरोनॉफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये या अडवणुकीला ‘ब्लॉकिंग’ हे नाव दिलं. ॲप्लिकंटनं अप्लायरची वाट अशीच अडवली. सीक या क्रियापदाला मात्र असा ‘अंट’वाला जोडीदार नाही, म्हणून सीकर सुखानं नांदतो. त्याला मात्र बहुधा जोडीला शोधायची वस्तू लागते: जॉब सीकर. दावेदार या अर्थाचा कंटेंडर हा शब्दही जपून वापरावा. जिंकण्याच्या खऱ्या टप्प्यात आलेल्यालाच तो शोभतो.

हे सगळं मी तिला एका दमात सांगितलं नाही. फक्त विचारलं, “२२ पैकी फारम किती जणांनी भरला?”

“नऊ जणाइनं.”

तिनं वाक्य खोडून नव्यानं लिहिलं: ‘आमच्या अभ्यासिकेत २२ ॲस्पिरंट आहेत. त्यांपैकी ९ जण या भरतीचे ॲप्लिकंट आहेत.’ कॅन्डिडेट हा शब्द तिनं खोडला नाही, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. हॉलतिकीट अजून यायचं होतं.