चाकावरची काळी पूड आणि ब्रेक पॅडची निवड

नाशिकहून मुंबईकडे जाताना कसारा घाट उतरलेल्या मोटारीची पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा बरीच काळवंडलेली दिसतात. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचे बहुतांश काम पुढच्या चाकांवर पडते. तिथे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर, म्हणजे डिस्कवर, ब्रेक पॅड दाबले जाऊन घासतात आणि काळी पूड सुटते. शिवाय अनेक लहान मोटारींना मागे बंद डब्यासारखे ड्रम ब्रेक असल्याने तिथली पूड आतच साठते.

या कामाचा आकार आकड्यांत पाहण्यासारखा आहे. १,२०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवताना सुमारे १.७ लाख ज्यूल ऊर्जा निकामी करावी लागते. तीच गाडी एकसारख्या वेगाने १०० मीटर उंची उतरली, तर सुमारे ११.८ लाख ज्यूल, म्हणजे सात वेळा थांबवल्याइतकी ऊर्जा जिरवावी लागते. खालच्या गियरमध्ये उतरल्यास यातला मोठा वाटा इंजिन उचलते. तसे न केल्यास सगळा ताप पॅड आणि डिस्कवर येतो.

पूड केवळ पॅडची नसते. बिडाची डिस्कही झिजते आणि पुडीत लोखंडाचे प्रमाण लक्षणीय असते. हे तापलेले कण अलॉय व्हीलच्या लेपात रुततात आणि पावसाळ्यात गंजून नारिंगी ठिपके उमटवतात. यातले बरेच कण दहा मायक्रोमीटरपेक्षा बारीक असल्याने ते श्वासावाटे आत जातात. त्यामुळेच युरोपीय संघाच्या ‘युरो ७’ नियमांत एक्झॉस्टबरोबर ब्रेकच्या धुळीवरही मर्यादा आली असून पेट्रोल-डिझेल मोटारींसाठी ती किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम आहे. गॅरेजात चाक काढल्यावर हवेच्या पाइपने ही पूड उडवून देण्याची पद्धत म्हणूनच थांबायला हवी. ती ओल्या फडक्याने पुसावी किंवा ब्रेक क्लीनरने धुवावी. घरी चाके धुताना मात्र डिस्क थंड होऊ द्यावी, कारण तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडले तर ती वाकडी होऊ शकते.

पॅड निवडताना बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘पूड कमी कशाची?’ हा असतो, आणि तो अपुरा आहे. सिरॅमिक पॅडची पूड फिकट व कमी चिकटणारी असल्याने चाक स्वच्छ दिसते, पण न दिसणारी पूड हवेत गेलेलीही असू शकते. ऑरगॅनिक पॅड मऊ, शांत आणि डिस्कला सौम्य असतात, मात्र फार तापल्यावर त्यांतील राळेतून वायू सुटतो आणि पकड ढिली पडते. सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता चांगली सोसतात. त्या बदल्यात आवाज, काळी पूड आणि डिस्कची झीज वाढते. नाशिक शहरात गंगापूर रोड ते द्वारका एवढीच धावणाऱ्या गाडीला पहिल्या दोहोंपैकी कोणतेही पुरते. भरल्या गाडीने वारंवार सप्तशृंगी गडावर किंवा कसाऱ्याकडे जाणाऱ्याने, गाडीच्या निर्मात्याची संमती असल्यास, काळी चाके पत्करून सेमी-मेटॅलिक घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारली, तर बहुतेक गाड्यांत पॅडचा घर्षणथर दिसतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत, तेही एकाच अॅक्सलच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या, दोन्ही चाकांचे. पुढच्या दोन चाकांपैकी एकच जास्त काळे असेल, तर पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर अडकत नाही ना, हे आधी तपासून घ्यावे. डिस्कच्या कडेला नखाला लागणारी ठळक धार आली असेल, तर डिस्कची जाडीही मोजून घ्यावी. किमान जाडी सहसा डिस्कवरच कोरलेली असते.

नवे पॅड बसवून लगेच घाट उतरू नये. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० किलोमीटरपर्यंत, पूर्ण न थांबता आणि मध्ये ब्रेक थंड होऊ देत, अनेकदा मध्यम दाबाने वेग कमी करावा. त्यामुळे पॅडच्या द्रव्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो आणि ब्रेकची खरी पकड त्यानंतरच मिळते.