रात्री काही खाल्लं नाही, मग सकाळी साखर कशी वाढली?

रात्री आठला जेवलेल्या माणसाची सकाळी सातची साखर ११८ आली, की घरात पहिला संशय रात्रीच्या भातावर जातो. पण अकरा तासांत तो भात केव्हाच पचलेला असतो. उपाशीपोटी रक्तात सापडते ती साखर मुख्यतः यकृताने सोडलेली असते.

रात्रभर मेंदूला ग्लुकोज लागतं. यकृत ते आपल्या साठ्यातून काढतं, थोडं नव्याने बनवतं. किती सोडायचं, यावर इन्शुलिनचा लगाम असतो. यकृताच्या पेशींत चरबी साठली की तिच्यातले डायॲसिलग्लिसरॉल नावाचे रेणू इन्शुलिनचा संदेश पेशीत शिरताच अडवतात. लगाम सैल पडतो आणि गरज नसतानाही साखर रक्तात येत राहते. मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन ओततं. खरी गोम इथेच आहे: साखर रोखण्याचा इन्शुलिनचा हुकूम यकृत ऐकत नाही, पण चरबी बनवण्याचा मात्र ऐकतं! म्हणून चरबी आणखी वाढते, रिपोर्टात ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ही चढतं.

हे चक्र उलटं फिरवता येतं. न्यूकॅसलच्या २०११ सालच्या प्रयोगात टाइप २ मधुमेहाच्या ११ जणांना रोज सुमारे ६०० कॅलरींचा आहार दिला. एका आठवड्यात यकृतातली चरबी साधारण ३० टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची साखर सामान्य झाली. एवढा कडक आहार घरी स्वतःहून करू नये. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. ७५ किलोच्या माणसाने सावकाश ५ ते ७ किलो उतरवले तरी यकृत बरंच हलकं होतं. सुरुवात चहापासून करावी: दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅमच्या वर साखर.

सोनोग्राफीत थोडी चरबी निसटते, आणि एसजीपीटी ही यकृताची रक्तचाचणी नॉर्मल असूनही फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, असू शकतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘ग्रेड १’ (थोडी चरबी) वाचून निर्धास्त होण्यापेक्षा यकृतात व्रण धरतोय का, ते पाहावं. त्यासाठी फिब-४ हा साधा हिशेब आहे. वय गुणिले एसजीओटी (यकृताचीच दुसरी रक्तचाचणी). त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं. वय ५२, एसजीओटी ४५, एसजीपीटी ४९, प्लेटलेट २ लाख असतील तर २३४० भागिले १४००, म्हणजे १.६७. आकडा १.३ च्या वर असल्याने डॉक्टरांना फायब्रोस्कॅनबद्दल, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीबद्दल, विचारावं. पासष्टीच्या पुढे ही सीमा २ धरतात.