गादी आणि कोरी पाटी: फ्लॅश बदलतो तेव्हा नेमकं काय बदलतं?

पोळ्याच्या आठवडाभर आधी माझ्या पुतण्याने माझी लोखंडी पेटी उघडली. चुलबंदच्या काठावरच्या आमच्या गावात पावसाळाभर भिंतींना ओल असते, म्हणून धानाच्या कोठीत टाकतो तसा कडुलिंबाचा वाळलेला पाला अंथरून मी त्यात कॉमिक ठेवतो. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन जाताना त्याला फ्लॅश, म्हणजे अमेरिकी कॉमिकमधला विजेच्या वेगाने धावणारा नायक, व्हायचं होतं, आणि पोशाखासाठी तो चित्र शोधत होता. हाती लागलं ते भलतंच. डोक्यावर पंखवालं पत्र्याचं शिरस्त्राण, तोंडावर मुखवटा नाही, निळी पँट, कानशिलावर पिकलेले केस.

"काकाजी, हा फ्लॅश नाही जी. हा डुप्लिकेट आहे."

तो शब्द मला लागला. ज्याला तो डुप्लिकेट म्हणत होता, तो जेय गॅरिक, जगातला पहिला फ्लॅश. पुतण्याने मोबाईलवर पाहिलेला लाल पोशाखातला बॅरी ॲलन त्याच्यानंतर सोळा वर्षांनी आला. पण चूक पोराची नाही. मोठी, जाणती वाचक मंडळीसुद्धा 'हा आमचा फ्लॅश नाही' म्हणतात तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. एकीला मी गादी म्हणतो, दुसरीला कोरी पाटी.

गादी म्हणजे जागा तीच, माणूस नवा. आधीचा माणूस होऊन गेला, थकला किंवा मेला. त्याचं नाव आणि काम दुसऱ्याने उचललं, आणि हे गोष्टीतल्या माणसांना ठाऊक आहे. कोरी पाटी म्हणजे नाव तेच, बहुतेक वेळा माणूसही तोच, पण त्याचं आधीचं जगणं पुसलेलं. लग्न, मैत्री, मेलेले सोबती, सगळं झालंच नव्हतं असं धरून पहिल्यापासून सुरुवात. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात. नवा चेहरा, नवा पोशाख, मुखपृष्ठावर 'अंक पहिला'.

आमच्या गावच्या नाट्यमंडळात दोन्ही प्रकार होऊन गेलेत. मंडईची जत्रा भरली, बैलांचा शंकरपट झाला आणि रात्री नाटक नसलं तर पाहुण्यांना चैन पडत नाही, अशी ही झाडीपट्टी. मंडळात विनोदी नोकराचं काम एकच माणूस पुष्कळ वर्षं करायचा. गुडघे गेले तेव्हा ते काम त्याच्या भाच्याकडे आलं. पहिल्या प्रयोगाला मामा विंगेत खुर्ची टाकून बसला होता. त्याने स्वतःच्या हाताने भाच्याच्या कमरेला दुपट्टा बांधला, गाठ मनासारखी बसली नाही म्हणून सोडून पुन्हा बांधली, आणि आपली काठी त्याच्या हातात दिली. पोरगं स्टेजवर आलं तसं मागून कोणीतरी मामाच्याच नावाने हाक मारली. ते क्षणभर थांबलं, विंगेकडे पाहून हसलं, मग पहिलं वाक्य बोललं. मंडपातल्या टाळ्या दोघांना होत्या.

काही वर्षांनी मंडळाने त्याच नावाचं नाटक नव्या संहितेवर बसवलं. नोकर होता, नावही तेच, पण ज्या बहिणीच्या लग्नापायी तो दुसऱ्या अंकात रडायचा ती बहीणच नाटकात नव्हती. नट चांगला होता, गाणी चांगली होती. तरी दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर जो तो एकच विचारत होता, "त्याच्यावाल्या बहिनीचं का झालं जी?"

नट बदलला तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं. बहीण गेली तेव्हा सगळ्यांनी विचारलं. फ्लॅशच्या वाचकांचं दुखणं मला नेहमी याच प्रश्नातून कळत आलंय.

आता मूळ गोष्ट. जेय गॅरिक आला तो जानेवारी १९४० च्या 'फ्लॅश कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात. गार्डनर फॉक्स यांचं लेखन, हॅरी लॅम्पर्ट यांची चित्रं. महायुद्धानंतर सुपरहिरोंचा खप उतरला आणि १९४९ मध्ये ते मासिक बंद पडलं. मग १९५६ मध्ये संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांच्या हाताखाली 'शोकेस'च्या चौथ्या अंकात फ्लॅश परतला, पण उचललं ते फक्त नाव आणि वेग. माणूस नवा, बॅरी ॲलन, पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करणारा. शहर नवं, पोशाख कार्माइन इन्फँटिनो यांनी नव्याने काढलेला. ही कोरी पाटी होती. बॅरीच्या जगात जेय गॅरिक नावाचा माणूस कधी जन्मलाच नव्हता.

तरी पाटीवर एक रेघ राहिलीच. प्रयोगशाळेत वीज कोसळण्याआधी बॅरी एक जुनं कॉमिक वाचत बसलेला दाखवलाय, आणि त्याच्या मुखपृष्ठावर जेय आहे. अंगात वेग आल्यावर तो नाव घेतो ते लहानपणीच्या त्या आवडत्या नायकाचं. म्हणजे दुसरा फ्लॅश हा पहिल्या फ्लॅशचा वाचक. खाटेवर उताणं पडून, एक पाय भिंतीला लावून अंक वाचणारा माझा पुतण्या आणि बॅरी यांच्यात मला तेव्हापासून फार अंतर वाटत नाही.

पाच वर्षांनी, 'द फ्लॅश' मासिकाच्या सप्टेंबर १९६१ च्या १२३ व्या अंकात, तीच रेघ रस्ता झाली. मुखपृष्ठावर मधोमध विटांची भिंत. तिच्या दोन बाजूंनी दोन फ्लॅश धावत येताहेत, समोर लोखंडी तुळईखाली सापडू पाहणारा एक माणूस मदतीला ओरडतोय, आणि भिंतीमुळे दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. आतल्या गोष्टीत बॅरी वेगाने थरथरता थरथरता दुसऱ्या, समांतर पृथ्वीवर पोचतो, जेयचं घर शोधून काढतो, दार वाजवतो. जेय आता वयस्क आहे, जोनशी लग्न करून संसारात रमलेला. बॅरी त्याला सांगतो की तुमच्या गोष्टी मी लहानपणी वाचल्यात. ही गोष्ट लिहिली गार्डनर फॉक्स यांनीच, ज्यांनी जेय जन्माला घातला होता. पाटी कोरी करून बसवलेला माणूस पाचव्या वर्षी मूळ पुरुषाच्या पाया पडायला गेला असं मला ते वाटतं. त्या दिवसापासून जेय पुसलेला राहिला नाही, तो थोरला झाला. पेटीतून निघालेल्या चित्रातले पिकलेले केस ते हेच.

माझं सगळ्यात जास्त प्रेम मात्र तिसऱ्यावर आहे. वॉली वेस्ट, बॅरीच्या प्रेयसीचा, आयरिसचा भाचा. १९५९ च्या शेवटी किड फ्लॅश म्हणून आला तेव्हा तो नेब्रास्कातल्या ब्लू व्हॅली नावाच्या लहान गावातून सुट्टीत मावशीकडे... नाही, आत्याकडे आलेला पोरगा होता. आयरिस त्याच्या वडिलांची बहीण. फ्लॅशवर त्याचा फार जीव, आणि बॅरीला झाला तसाच विजेचा अपघात त्यालाही झाला. १९८५ मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'च्या आठव्या अंकात बॅरी जग वाचवता वाचवता मेला. बाराव्या अंकात वॉलीने मामाजीचा, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचा, लाल पोशाख चढवला. तेवीस वर्षं बॅरी परत आला नाही. कॉमिकच्या दुनियेत एवढं दीर्घ मरण क्वचितच कोणाच्या वाट्याला येतं, आणि त्यामुळे एक अख्खी पिढी वॉलीलाच फ्लॅश मानून वाढली.

गादी म्हणजे काय हे कोणाला समजावायचं असेल तर मी त्याच्या हातात १९९३ ची मार्क वेड यांनी लिहिलेली गोष्ट देतो. बॅरी परत आलाय असं सगळ्यांना वाटतं. वॉलीला आनंद होतो, आणि आनंदाच्या तळाशी भीती असते. हळूहळू तो बॅरी कडवट होत जातो, फ्लॅश एकटा मीच म्हणून वॉलीवर उलटतो. शेवटी कळतं की तो बॅरी नसून त्याचा वैरी, इओबार्ड थॉन. पण त्याला हरवायच्या आधी वॉलीला स्वतःशी एक गोष्ट कबूल करावी लागते. आजवर आपण बॅरीएवढं वेगाने धावलो नाही, कारण धावू शकलो तर त्याची जागा खरंच आपली होईल, आणि तो खरंच गेलेला असेल. बाप गेल्यावर वर्षभर त्याच्या बाजेवर कोणी झोपत नाही, तसलं ते दुःख. वॉली ते ओलांडतो, आणि त्या पानानंतर तो बॅरीचा वारस आणि स्वतःच्या हक्काचा फ्लॅश असा दोन्ही असतो.

मग २०११ आलं. 'फ्लॅशपॉइंट' कथेत आईला वाचवायला बॅरी भूतकाळात हात घालतो, जग उलटंपालटं होतं, आणि त्यातून फ्लॅशच्या प्रकाशकांनी, डीसी कॉमिक्सने, ५२ मासिकं पहिल्या अंकापासून नव्याने सुरू केली. ही मोठी कोरी पाटी. बॅरी राहिला, तरुण झाला, आयरिसशी झालेलं लग्न गेलं. वॉली तर नाहीसाच झाला. मेला असता तर रडता आलं असतं, स्मारक झालं असतं, कोणीतरी त्याची आठवण काढली असती. तो झालाच नव्हता. २०१४ मध्ये त्याच नावाचा एक कृष्णवर्णीय किशोर आला; पोरगा गुणी, पण वाचकांनी त्याच्यावर बराच राग काढला. मला तो राग चुकीच्या दारात उभा वाटतो. त्या पोराने कोणाचं काही नेलं नव्हतं. नेलं होतं पाटी पुसणाऱ्यांनी.

मे २०१६ चा 'डीसी युनिव्हर्स: रिबर्थ' हा अंक मी भर उन्हाळ्यात, कूलरसमोर बसून वाचला. जेफ जॉन्स यांचं लेखन. वॉली काळाच्या बाहेर, वेगाच्या प्रवाहात अडकलाय आणि विरत चाललाय. कोणीतरी ओळखलं तरच तो परत येऊ शकतो. तो एकेकाच्या दारी जातो. जिच्याशी त्याने संसार केला ती लिंडा पार्क त्याच्याकडे परक्यासारखी बघते. शेवटी तो बॅरीसमोर येतो, आणि आता मदतही मागत नाही. एवढं चांगलं आयुष्य दिल्याबद्दल आभार मानून निरोप घेतो. तो विरून जाणार तोच बॅरीला त्याचं नाव आठवतं. बॅरी हात धरून त्याला ओढून काढतो आणि दोघं रडत एकमेकांना मिठी मारतात. मीही रडलो. आणि २०१४ चा तो पोरगा? तो त्याच घरातला, त्याच नावाचा चुलतभाऊ ठरला आणि किड फ्लॅश झाला. १९६१ सारखंच पुन्हा झालं: पाटीवर नव्याने लिहिलेलं नाव घरात सामावून घेतलं गेलं.

तुमच्या समोर नवा नायक आला तर एक गोष्ट तपासा: हा आधीच्याला ओळखतो का? जुन्या इंद्रजाल कॉमिक्समधला आपला वेताळ घ्या. ली फॉक यांनी १९३६ मध्ये रचलेला, एकविसाव्या पिढीचा. जंगलातल्या लोकांना तो अमर वाटतो, पण गुहेत तो बापजाद्यांच्या कबरींपाशी उभा राहतो. चोख गादी. २०११ मध्ये आलेला माइल्स मोरालेस पीटर पार्करच्या मरणानंतर स्पायडरमॅन होतो, तीही गादी. सिनेमातले टोबी मॅग्वायर, अँड्र्यू गारफिल्ड आणि टॉम हॉलंड यांचे पीटर मात्र तीन कोऱ्या पाट्या. २०२१ मध्ये तिघं एका पडद्यावर भेटेपर्यंत एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

कोरी पाटी वाईटच असं मी म्हणणार नाही. १९५६ ला पाटी पुसली नसती तर बॅरी झाला नसता, आणि शेकडो अंकांचा मागचा पसारा बघून नवा पोरगा आत यायलाच घाबरतो. फक्त पुसताना काय गेलं याचा हिशोब वेगळा लागतो. गादी बदलली की आपण जुन्या माणसाला निरोप देतो. पाटी पुसली की निरोप द्यायला कोणी उरत नाही, आणि त्या माणसाला जपायचं काम एकट्या वाचकावर येऊन पडतं.

पुतण्याला मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्याला मोबाईलवर एकच दाखवलं. २०१४ च्या टीव्ही मालिकेत जेय गॅरिक झालेला नट, जॉन वेस्ली शिप, १९९० च्या मालिकेत स्वतः बॅरी होता. पोराने दोन्ही फोटो मोठे करून पाहिले, डोळे जुळवले.

"म्हणजे हा पह्यले फ्लॅश होता, मंग मोठा झाला?"

"हो."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातून लहान ॲल्युमिनियमचा गंज, म्हणजे पातेलं, गायब झाला. संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर नंद्यांची रांग लागली, तेव्हा तो गंज पुतण्याच्या डोक्यावर होता. दोन्ही बाजूंना वहीच्या पुठ्ठ्याचे पंख, चिकटपट्टीने लावलेले, कानशिलावर पावडर. मागे त्याचा लहान भाऊ, लाल टी-शर्टवर पिवळी वीज चिकटवून. पोरांना बोजाऱ्याची ओवाळणी देणाऱ्या आजीने विचारलं, "तू कोन बाप्पा?"

"मी फ्लॅश," तो म्हणाला, आणि मागे बोट केलं. "हा बी फ्लॅश. माह्यानंतरचा."